घरी एस्प्रेसो करायचा, तर आधी ग्राइंडर

एस्प्रेसो मशीनचं काम एवढंच: ९० ते ९६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेलं पाणी साधारण ९ बार दाबाने बारीक दळलेल्या कॉफीतून ढकलायचं. पुढचं जे काही बरंवाईट होतं, ते बास्केटमध्ये, म्हणजे तळाला छिद्रं असलेल्या छोट्या वाटीत, दाबून बसवलेल्या १८ ग्रॅम कॉफीत होतं. ती कॉफी पाण्याला किती अडवणार, हे मशीन ठरवत नाही, दळण ठरवतं. तरी बहुतेक जण आधी चकचकीत मशीनच्या प्रेमात पडतात, तिथे हात सैल सोडतात आणि उरल्यासुरल्या पैशांत ग्राइंडर बसवतात. मग महागड्या मशीनमधून आंबट पाणी येतं आणि खापर बियांवर फुटतं. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे.

काही विकत घेण्याआधी

तुम्ही काय पिणार आहात, ते आधी ठरवा. एका वेळी एक-दोन कप काळी कॉफी हवी असेल, तर वाफेची सोय नसलेलं साधं उपकरणही उत्तम चालतं. घरात चार माणसं एकामागून एक कॅपुचिनो मागणार असतील, तर दूध फेसाळणारी वाफ हाच निवडीचा मुख्य निकष होतो. सकाळी हातात किती वेळ असतो, हेही बघा. काही मशीन अर्ध्या मिनिटात तयार होतात, काहींना तापायला अर्धा तास लागतो.

नुसती दाट, कडक कॉफी दुधात घालून हवी असेल, तर मोका पॉट पुरे. अल्फॉन्सो बियालेत्ती यांचं १९३३चं हे भांडं जेमतेम १ ते २ बार दाबावर चालतं. त्यात होतो तो एस्प्रेसो नव्हे, पण दूध-साखर पडल्यावर ती कॉफी झकास लागते आणि भांडं वर्षानुवर्षं टिकतं. एस्प्रेसोची उपकरणं घ्यायची ती रोज थोडी खटपट करायला आवडणार असेल तरच. खटपट नको आणि एस्प्रेसो मात्र हवा, अशांसाठी कॅप्सूल मशीन आहेत. त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

ग्राइंडर

मिक्सरसारखं पातं फिरवणारा ग्राइंडर या कामाला चालत नाही. तो बिया दळत नाही, फोडतो. एकाच वेळी पीठही होतं आणि कणीही. पिठातून जास्त अर्क उतरतो, कणीतून कमी, आणि कपात कडू-आंबट एकत्र येतं. हवा तो बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी चकत्यांच्या मधल्या फटीतून बिया दळणारा.

फिल्टर कॉफीसाठी चांगला असलेला बर ग्राइंडर एस्प्रेसोलाही चालेल, असं मात्र समजू नका. एस्प्रेसोत दळण केसभर बदललं, तरी २० सेकंदांचा शॉट (एका वेळी काढलेला एस्प्रेसो) ३५ सेकंदांवर जातो. त्यामुळे ग्राइंडरची फट किती बारीक टप्प्यांनी बदलता येते, हा पहिला प्रश्न. कोमांडांटे सी-४० हा नावाजलेला हातग्राइंडर घ्या. त्याच्या एका क्लिकने चकती सुमारे ३० मायक्रॉन सरकते. फिल्टर कॉफीला हे झकास, पण एस्प्रेसोला टप्पा मोठा पडतो. एक क्लिक कमी केली की शॉट अडतो, एक वाढवली की धावतो. म्हणून त्याच कंपनीने टप्पा निम्मा करणारा वेगळा भाग काढला. वनझेडप्रेसो जे-अल्ट्रामध्ये हाच टप्पा ८ मायक्रॉनचा आहे. विजेवरच्या बऱ्याच ग्राइंडरमध्ये टप्पेच नसतात, चाक हवं तिथे थांबवता येतं. एस्प्रेसोसाठी ही रचना सर्वांत सोयीची.

हाताचा की विजेचा? तेवढ्याच पैशांत हातग्राइंडरमध्ये चांगल्या चकत्या मिळतात, कारण मोटारीचा खर्च वाचतो. मोबदल्यात १८ ग्रॅम दळायला मिनिटभर हात चालवावा लागतो. हलक्या भाजणीच्या बिया टणक असतात, त्यांना जोर जास्त लागतो. दिवसाला दोन कप असतील तर हाताचा घ्या, पाहुण्यांचा राबता असेल तर विजेचा. शंकूच्या आकाराच्या चकत्या आणि सपाट चकत्या यांवरचे वाद पहिल्या वर्षी डोक्यात घेऊ नका. ढोबळमानाने शंकूच्या चकत्यांनी कॉफी जरा भरीव लागते, सपाट चकत्यांनी चवी सुट्या होतात. पण ग्राइंडरचा दर्जा यापेक्षा जास्त फरक पाडतो.

ग्राइंडर घेताना त्यात किती कॉफी अडकून राहते, हे विचारा. सकाळच्या पहिल्या शॉटमध्ये कालची तीन ग्रॅम शिळी पूड मिसळत असेल, तर दळण नीट जुळवलं तरी पहिला कप फसतो. दर वेळी मोजून तेवढ्याच बिया टाकायच्या ग्राइंडरमध्ये हा त्रास कमी असतो. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा फवारा मारला की स्थिर विद्युत कमी होते आणि पूड भिंतींना चिकटत नाही. शौकीन हे पूर्वीपासून करत आलेत. २०२३ मध्ये 'मॅटर' या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासात त्याची कारणमीमांसा झाली आणि त्याने शॉटमध्ये अर्कही चांगला उतरतो, असं दिसलं. मात्र फवारा म्हणजे फवाराच, बिया न्हाऊ घालायच्या नाहीत.

बजेट ठरवताना निम्मी रक्कम ग्राइंडरसाठी बाजूला काढा. साधं मशीन आणि उत्तम ग्राइंडर ही जोडी उलट जोडीपेक्षा नेहमी चांगली कॉफी देते. ग्राइंडर आत बसवलेली मशीन ओट्यावर जागा वाचवतात हे खरं. पण एक भाग बिघडला की दोन्ही दुरुस्तीला जातात, आणि पुढे फक्त ग्राइंडर बदलावासा वाटला तर वाट बंद. जागेची खरंच अडचण नसेल, तर दोन्ही वेगळी घ्या.

मशीन

लुइजी बेझ्झेरा यांच्या १९०१च्या पेटंटमधलं मशीन वाफेच्या दाबावर चालायचं, आणि वाफेचा दाब एस्प्रेसोला कमीच पडतो. अकिल्ले गाजिया यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस स्प्रिंगच्या दांड्याने पाणी ढकलायला सुरुवात केली, तेव्हा कपावर तो तांबूस फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. १९६१च्या फाएमा ई-६१ मध्ये दांड्याची जागा विजेच्या पंपाने घेतली. आजची घरगुती मशीन दांड्याची तरी असतात, नाहीतर पंपाची.

पंपाच्या मशीनवर ठळक अक्षरांत '१५ बार' लिहिलेलं असतं. याला भुलू नका. तो पंपाचा कमाल दाब असतो, कॉफीला ९ पुरतात. चांगल्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारी झडप असते. जुन्या गाजिया क्लासिकमध्ये या झडपेची स्प्रिंग बदलून दाब ९ वर आणण्याचा उद्योग शौकिनांनी घरोघरी केलेला आहे.

हाताने दाबायची उपकरणं, उदाहरणार्थ फ्लेअर किंवा कॅफेलॅट रोबोट, यांत ना पंप ना बॉयलर. किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं आणि दांडे दाबायचे. काळी कॉफी पिणाऱ्याला कमी पैशांत इतका चांगला शॉट दुसरं काही देत नाही. बिघडायला त्यात फारसं काही नसतंच. वाफ मात्र नाही.

पाणी जाता जाता तापवणारी मशीन, म्हणजे थर्मोब्लॉक किंवा त्याचे भाऊबंद, चटकन तयार होतात. ब्रेव्हिल बांबिनो काही सेकंदांत तापतं. युरोपात हेच मशीन सेज नावाने विकलं जातं. घाईच्या सकाळी ही सोय फार मोठी आहे. पहिला शॉट घेण्याआधी मात्र रिकामा पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायची दांडी) लावून गरम पाणी एकदा सोडा, नाहीतर थंड धातूच शॉटची उष्णता खातो.

एक बॉयलरची मशीन (गाजिया क्लासिक, रॅन्सिलिओ सिल्व्हिया) दणकट असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि घरी दुरुस्तही करता येतात. पण शॉट आणि वाफ एकाच वेळी होत नाही. शॉट काढा, वाफेचं बटण दाबा, थांबा, दूध तापवा, मग पुन्हा पाणी सोडून बॉयलर थंड करा. दोन कपांपर्यंत हे ठीक. तापमान साध्या थर्मोस्टॅटवर चालत असेल, तर ते बरंच वरखाली होतं. पीआयडी नियंत्रक, म्हणजे तापमान सतत मोजून उष्णता कमीजास्त करणारं सर्किट, असेल तर ते एका जागी राहतं. या प्रकारात पीआयडीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत, असं माझं मत.

हीट एक्स्चेंजर (वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापवणारी) आणि दोन बॉयलरची मशीन शॉट आणि वाफ एकाच वेळी देतात. दुधाचे कप भरपूर होणार असतील तर यांचा विचार करा. ई-६१ पद्धतीचा जड पितळी ग्रुप (पोर्टाफिल्टर जिथे अडकवतात तो भाग) असलेल्यांना नीट तापायला अर्धा तास द्यावा लागतो. टायमरचा प्लग लावला की उठेपर्यंत मशीन तयार असतं.

प्रकार कोणताही असो, बास्केट बघून घ्या. दुहेरी तळाच्या बास्केटला खाली एकच बारीक छिद्र असतं. तिथे दाब कृत्रिमपणे तयार होतो आणि कसल्याही दळणावर फेस येतो. तयार पूड वापरायची असेल तर ती सोयीची, पण दळण सुधारून चव सुधारण्याचा मार्ग तिथे बंद होतो. एकेरी तळाची बास्केट मिळते का, हे विचारल्याशिवाय मशीन घेऊ नका. ५८ मिलिमीटर हा व्यावसायिक आकार असल्याने त्याची बास्केट, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) वगैरे सगळीकडे मिळतात. ५४ आणि ५१च्या मशीनमध्ये निवड कमी, पण अडत काही नाही.

लहानसहान वस्तूंत एकच अनिवार्य: ०.१ ग्रॅम दाखवणारा, कपाखाली मावेल असा काटा. त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. मशीनसोबत येणारा प्लॅस्टिकचा टॅम्पर बदला. पूड मोकळी करायला ०.३-०.४ मिलिमीटर जाडीच्या सुया बुचात खोचून घरीच साधन करता येतं. बाकीच्या चकत्या, जाळ्या आणि शोभेच्या वस्तू सहा महिन्यांनी घेतल्या तरी चालतील.

बिया आणि पाणी

पाकिटावर 'अमुक तारखेपूर्वी वापरा' एवढंच असेल, तर ते दुकानातच राहू द्या. भाजल्याची तारीख हवी. ताज्या भाजलेल्या बियांमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. लगेच वापरल्या तर शॉट फसफसतो आणि हाती लागत नाही. साधारण एक आठवडा थांबा आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत संपवा. हलक्या भाजणीला थोडा जास्त आराम लागतो. जास्त बिया आल्या असतील, तर हवाबंद छोट्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तशी एकेक काढा. शिकत असताना मध्यम किंवा जराशी गडद भाजणी घ्या. हलक्या भाजणीचा एस्प्रेसो फळांसारखा सुंदर लागू शकतो, पण तो चुकांना माफी देत नाही.

जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार साचतात, आणि मशीन मरतात ती बहुधा याच दुखण्याने. उलट पूर्णपणे शुद्ध केलेल्या पाण्याने चव सपाट होते आणि काही मशीनमधल्या पाण्याच्या पातळीच्या संवेदकांना ते पाणी 'दिसत'च नाही. सोपा तोडगा असा: डिस्टिल्ड पाण्यात लिटरमागे ०.१ ग्रॅम खाण्यायोग्य पोटॅशियम बायकार्बोनेट मिसळायचं. क्षार साचत नाहीत आणि चवही नीट येते.

पहिला शॉट

मशीन पोर्टाफिल्टर लावूनच तापू द्या. बास्केट कोरडी पुसा, तिच्यावर लिहिलेल्या मापाइतक्या बिया मोजून घ्या, समजा १८ ग्रॅम. दळा. पूड बास्केटमध्ये घेऊन सुया तळापर्यंत घालून गोल गोल फिरवा, वर येत शेवटी पृष्ठभाग सपाट करा. पुडीतला एक गोळाही राहिला, तर पाणी त्याच्या कडेने वाट काढतं.

आता टॅम्पर. किती जोर लावायचा यावर लोक फार चर्चा करतात. ५८ मिलिमीटरच्या बास्केटवर ९ बार दाब म्हणजे जवळजवळ २४० किलोंचा भार. त्यापुढे तुमच्या हाताचे १५ किलो काय न् २० काय! पूड आणखी दबत नाही असं वाटलं की थांबा. महत्त्वाचं ते सपाट दाबणं. तिरका दाबला तर पातळ बाजूने पाणी धावतं. कडेची पूड बोटाने पुसा, ग्रुपमधून दोन सेकंद पाणी सोडा, पोर्टाफिल्टर लावा, काट्यावर कप ठेवा, काटा शून्यावर आणा आणि मशीन व टायमर एकदम सुरू करा.

लक्ष्य: १८ ग्रॅममधून ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. काटा ३४च्या आसपास आला की मशीन बंद करा, उरलेले थेंब ३६ करतात. मिलिलिटरने मोजू नका, क्रेमा ताज्या बियांत जास्त आणि शिळ्यांत कमी येतो, त्यामुळे आकारमान फसवं. इटलीतलं प्रमाणित माप यापेक्षा निराळं आहे: ७ ग्रॅम पूड, २५ सेकंद, क्रेमासकट २५ मिलिलिटर. तेही बरोबरच, फक्त ते एकेरी शॉटचं. एकेरी बास्केट सांभाळायला अवघड असते, नवख्याने दुहेरीवरच शिकावं.

दळण जुळवणं

खरी मजा इथे आहे. नवं पाकीट उघडलं की दळण पुन्हा जुळवायचंच, त्यात दोन-चार शॉट जातात. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुडीचं वजन कायम, कपातलं वजन कायम, बदलायचं फक्त दळण.

समजा, पहिल्या वेळी ३६ ग्रॅम १६ सेकंदांतच आले. धार पहिल्यापासून जाड, रंग लवकर फिका, चव आंबट आणि पाणचट. दळण बारीक करा. ग्राइंडरमध्ये जुन्या मापाची पूड उरलेली असेल, तर चार-पाच ग्रॅम दळून टाकून द्या, नाहीतर बदल झाला की नाही ते कळणारच नाही. दुसऱ्या वेळी बारा सेकंद काहीच आलं नाही, मग काळसर थेंब, आणि ३६ ग्रॅमला ४२ सेकंद. जीभ कोरडी पडेल इतकं कडू. दोन मापांच्या मध्ये या. तिसऱ्या वेळी सातव्या-आठव्या सेकंदाला पहिले थेंब, मग मधासारखी बारीक धार, आणि २८ सेकंद. आता घड्याळ विसरा आणि चाखा.

अजून जरासा आंबट वाटतोय? दळण तेच ठेवून ४० ग्रॅमपर्यंत जाऊ द्या. कडवटपणा रेंगाळतोय? ३२ वर थांबा. हलकी भाजणी असेल आणि एवढं करूनही आंबट असेल, तर तापमान दोन अंश वाढवा, गडद भाजणीला दोन अंश कमी करा. तापमानाला हात सर्वांत शेवटी लावायचा.

आंबट आणि कडू यांत पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण एस्प्रेसोत दोन्ही तीव्र असतात. आंबट असेल तर गालांच्या आतून लगेच पाणी सुटतं. कडू असेल तर घोट गिळल्यावरही चव मागे राहते. याची ओळख पटवायला एक शॉट बळी द्या: तीन लहान कप घ्या आणि एकाच शॉटचा पहिला, मधला आणि शेवटचा भाग वेगवेगळा धरा. पहिला कप दाट, झोंबणारा, आंबट. मधला गोडसर. तिसरा पातळ आणि कडू. तिन्ही चाखल्यावर शॉट लांबवल्याने काय मिसळतं, ते आयुष्यभर लक्षात राहतं.

एक सापळा आहे. दळण बारीक करत गेलात तरी शॉट मंद होत नाही, किंवा आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागतं. अशा वेळी आणखी बारीक करू नका. पाण्याने पुडीत फट पाडलेली असते. बहुतेक कॉफीतून पाणी नीट जातच नाही आणि फटीच्या कडेची धुपून निघते. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर लावून बघितलं तर हे डोळ्यांना दिसतं. नीट शॉटमध्ये आधी जाळीभर थेंब उमटतात, ते मध्याकडे सरकून एकच धार होते. फट असेल तर बारीक पिचकारी तिरकी उडते, थेट शर्टावर. दळण एक पायरी जाड करा, सुया जरा जास्त फिरवा. याने काम होतं.

दूध

साय न काढलेलं थंड दूध जगमध्ये (चोचीच्या भांड्यात) निम्म्यापेक्षा थोडं कमी घ्या. वाफेच्या नळीतलं पाणी आधी सोडून द्या. टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, मध्यापासून थोडं बाजूला. वाफ पूर्ण सोडा. कागद फाटल्यासारखा आवाज यायला हवा. मोठे बुडबुडे आले तर टोक फार वर आहे, किंचाळी आली तर फार खाली. जग हाताला कोमट लागेपर्यंतच हवा घ्यायची. मग टोक थोडं बुडवून दूध भोवऱ्यात फिरत ठेवायचं. ६० अंशांच्या आसपास, म्हणजे जगाला हात टेकवता येईनासा झाला की, वाफ बंद. ७०च्या वर दुधाचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. जग ओट्यावर आपटून, गोल फिरवून दूध ओल्या रंगासारखं चकाकलं की लगेच ओता. सराव करायला दूध वाया घालवू नका, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की फेसाचा अंदाज येतो. त्यानंतर जग आणि नळी मात्र नीट धुवा.

निगा

शॉटनंतर चोथा लगेच काढा, ग्रुपमधून पाणी सोडा. वाफेची नळी ओल्या फडक्याने त्याच क्षणी पुसा आणि सेकंदभर वाफ सोडा, वाळलेलं दूध नंतर खरवडावं लागतं. मशीनला तीन-मार्गी झडप असेल (शॉट संपल्यावर 'फुस्स' करून पाणी ट्रेमध्ये सुटतं, ती), तर आंधळी (छिद्रं नसलेली) बास्केट लावून आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने आणि महिन्यातून एकदा कॉफीच्या तेलासाठीच्या पावडरने उलट धुणी करा. झडप नसेल तर हे करू नका, दाब आत अडकतो आणि पोर्टाफिल्टर काढताना गरम चिखल अंगावर येतो. क्षार काढायचं रसायन मशीनच्या पुस्तिकेत दिलंय तेच वापरा. काही दोन बॉयलरच्या मशीनमध्ये कंपनीच ते घरी करू नका म्हणते. ग्राइंडरच्या चकत्या महिन्या-दोन महिन्यांनी उघडून कोरड्या ब्रशने साफ करा, पाणी लावू नका. आणि पोर्टाफिल्टर नेहमीपेक्षा पुढे सरकायला लागला किंवा कडेने पाणी झिरपू लागलं, तर ग्रुपची रबरी रिंग कडक झाली आहे. ती स्वस्त असते आणि स्क्रूड्रायव्हरने घरीच बदलता येते. मशीन घेतानाच एक जादा घेऊन ठेवा.